झुडूप किती वर्षांचे, हेही विचारायला हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाळवंटी वनस्पतींविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. किचकट विषय सोप्या भाषेत आणल्याबद्दल लेखकाचे अभिनंदनच करायला हवे. माझी हरकत आहे ती लेखासोबतच्या चित्राला. त्या चित्रात तीन झुडपे शेजारी शेजारी उभी आहेत : एक वीतभर, एक कमरेइतके आणि एक पुरुषभर उंचीचे. तिघांचीही सोटमुळे सरळ खाली जाऊन भूजलाच्या निळ्या पट्ट्यात बुडालेली आहेत आणि खाली ‘वाळवंटातील झुडपे खोलवरच्या पाण्यावर जगतात’ अशी ओळ आहे. पुरुषभर झुडपाबद्दल ही ओळ कदाचित खरी ठरेल, कमरेइतक्याबद्दल अर्धीमुर्धी खरी असेल, पण वीतभर रोपाबद्दल ती जवळजवळ नेहमीच चुकीची असते. मी बरीच वर्षे मृदाशास्त्र शिकवले आणि हाच गैरसमज दरवर्षी नव्या उत्तरपत्रिकांमध्ये वाचत आलो, म्हणून पत्र लांबले तरी लिहीत आहे. वाळवंटातील एकाच जातीचे झुडूप लहानपणी एक पाणी पिते, भर वयात दुसरे पिते, आणि उतारवयात त्याच्या वाट्याला कोणते पाणी येईल हे जमिनीत तोवर काय शिल्लक उरले आहे यावर ठरते.

मुळांच्या आधी जमिनीकडे पाहावे लागते. वाळवंटात पाणी नसते असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ते असते, पण वेगवेगळ्या खोलीवर आणि वेगवेगळ्या मुदतीसाठी असते. वरच्या फूट-दीड फुटातली ओल ताज्या पावसाची असते. ती सरीबरोबर येते आणि उन्हावाऱ्याने काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उडून जाते. त्याखाली, साधारण एक मीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत, एखाद्या मोठ्या पावसाने किंवा थंडीच्या दिवसांत सावकाश मुरलेल्या पाण्याने भरलेला साठा असतो. तिथपर्यंत उन्हाची धग पोहोचत नाही, त्यामुळे तो महिनोन् महिने टिकतो. आणि सर्वांत खाली, असलेच तर, भूजल आणि त्याच्या माथ्यावर केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक फटींतून आपोआप, वर चढलेली ओलसर किनार असते. ‘असलेच तर’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत, कारण अनेक वाळवंटांत भूजल इतके खोल असते की कोणत्याही झुडपाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा असते.

इथे एक गोष्ट शेतकऱ्यालाही कोड्यात टाकणारी आहे. वाळू पाणी धरत नाही, काळी चिकण माती धरते, हा आपला रोजचा अनुभव. तो भरपूर पावसाच्या प्रदेशात खरा आहे. कोरड्या प्रदेशात हिशेब उलटतो. दहा मिलिमीटरचा पाऊस कोरड्या वाळूत ढोबळमानाने दहा सेंटीमीटरपर्यंत उतरतो, तर चिकण मातीत तेच पाणी वरच्या तीन-चार सेंटीमीटरांतच अडकून पडते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात निघून जाते. वाळूचा वरचा थर एकदा सुकला की तो झाकणासारखा काम करतो, कारण त्यातून खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढू शकत नाही. इमॅन्युएल नॉय-मीर यांनी १९७३ साली वाळवंटी परिसंस्थांच्या आढाव्यात हा उलटा न्याय मांडला होता. झुडपाच्या वयाशी त्याचा थेट संबंध आहे : वाळूत पाणी खोल उतरते म्हणजे ते टिकते खरे, पण ते गाठण्याइतके लांब मूळ ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच टिकते.

आता वीतभर रोपाकडे येऊ. बी रुजते ते पावसानंतर, वरचा थर वाफशावर असताना. त्या दिवसापासून दोन हालचाली एकाच दिशेने सुरू होतात. जमीन वरून खाली सुकत जाते आणि मूळ वरून खाली वाढत जाते. मुळाचे टोक सुकण्याच्या सीमेच्या पुढे राहिले तर रोप जगते. मागे पडले तर मरते. प्रयोगशाळेत आम्ही एका बाजूला काच लावलेले अरुंद, उंच खोके वाळूने भरून त्यात अशा झुडपांचे बी लावत असू आणि काचेवर रोज सकाळी दोन रेघा ओढत असू, एक ओलाव्याच्या कडेची आणि एक मुळाच्या टोकाची. ओली वाळू गडद दिसते, सुकी फिकट, त्यामुळे सीमा डोळ्यांनाच दिसते. वर जेमतेम बोटाच्या पेराएवढी दोन पाने आणि खाली काचेला चिकटून हातभर गेलेले पांढरे मूळ, हे दृश्य पाहिल्यावर विद्यार्थ्यांना वेगळे काही सांगावे लागत नसे. ज्या खोक्यात दोन रेघा एकमेकींना भेटत, त्यातले रोप पुढच्या दोन-तीन दिवसांत मान टाकी.

पण जगलेले रोपसुद्धा पहिल्या एकदोन वर्षांत मुख्यतः वरच्याच थरांतले पाणी पीत असते. मूळ हातभर खोल गेले तरी पाणी शोषणारे मूलरोम आणि बारीक तंतुमुळे जिथे दाट असतात तिथूनच पाणी येते, आणि लहान झुडपात ती दाटी वरच्या थरात असते. शिवाय लहान रोप पाण्याच्या बाबतीत उधळ्या स्वभावाचे असते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातील काष्ठमय वनस्पतींवर लिसा डोनोव्हन आणि जेम्स एलरिंगर यांनी १९९१ साली केलेल्या कामात असे दिसले की अपरिपक्व झुडपे मोठ्यांच्या तुलनेत पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, अधिक उघडी ठेवतात, प्रकाशसंश्लेषण वेगाने करतात आणि त्यासाठी पाणीही जास्त गमावतात. वरवर हा वेडेपणा वाटतो. ज्याच्याकडे पाणी सर्वांत कमी, त्यानेच ते सर्वांत सढळ हाताने खर्चावे? पण विचार केला तर यात तर्क आहे. वरच्या थरातली ओल आज नाही वापरली तर उद्या ती हवेतच जाणार आहे. ती साठवून ठेवता येत नाही. तेव्हा ती असेल तोवर ओढून घ्यायची आणि तिच्या बदल्यात मूळ आणखी चार बोटे खाली न्यायचे, एवढेच रोपाच्या हातात असते.

झुडूप कोणत्या थरातले पाणी पिते हे कसे कळते, असा प्रश्न कोणाही वाचकाला पडेल. पूर्वी खड्डे खणून मुळे मोकळी करत आणि मूळ जिथे दिसेल तिथून पाणी येत असावे असे मानत. हे फसवे आहे, कारण मूळ असणे आणि मूळ कामावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या पडलेल्या थरातले मूळ जिवंत असून निष्क्रिय असू शकते. आज हे काम पाण्यातल्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, केले जाते. पाण्याच्या रेणूंमध्ये काही अणू इतरांपेक्षा जड असतात : ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंमागे एक ऑक्सिजन-१८ चा आणि हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा. बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडतात, म्हणून जमिनीच्या वरच्या थरातले पाणी जड होत जाते. थंडीतला पाऊस सहसा उन्हाळी पावसापेक्षा हलका असतो आणि तोच खोलवर मुरलेला असतो. अशा रीतीने प्रत्येक खोलीच्या पाण्यावर स्वतःची खूण उमटते. मूळ पाणी शोषताना ही खूण बहुतेक वेळा बदलत नाही. तेव्हा खोडातले पाणी काढून त्याची खूण कोणत्या खोलीशी जुळते ते पाहायचे, एवढीच युक्ती.

सांगायला सोपे असले तरी करताना हात पोळतात. हिरवी कोवळी फांदी घेऊन चालत नाही, कारण तिच्यातून बाष्प निघून गेल्याने पाणी आधीच जड झालेले असते. साल पक्व झालेला तुकडा, शक्यतो बुंध्याजवळचा, घ्यावा लागतो. त्याची बाहेरची साल चाकूने झटपट सोलून आतले लाकूड काचेच्या छोट्या बाटलीत टाकायचे, बूच घट्ट फिरवायचे, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि बाटली बर्फात ठेवायची. या साऱ्याला मिनिटभर जास्त लागले आणि ऊन तापलेले असले तर नमुना बिघडलाच म्हणून समजावे. त्याच झुडपाशेजारी गिरमिटाने दहा, वीस, चाळीस, साठ, शंभर सेंटीमीटर असे खाली जात मातीचे नमुने घ्यायचे. पुढे प्रयोगशाळेत निर्वात नळीत नमुना तापवायचा आणि निघालेली वाफ द्रवरूप नायट्रोजनात बुडवलेल्या दुसऱ्या नळीत गोठवायची. पाच-सहा तासांच्या खटपटीनंतर नळीच्या तळाशी जमतात ते पाण्याचे दोन-चार थेंब.

या पद्धतीने वयाचा प्रश्न प्रथम ठसठशीतपणे पुढे आला तो झुडपांत नव्हे, तर झाडांत. टॉड डॉसन आणि एलरिंगर यांनी १९९१ साली अमेरिकेतील यूटामधील एका दरीतल्या ओढ्याकाठच्या झाडांवरचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. ओढ्याच्या पाण्यात जवळजवळ पाय बुडवून उभी असलेली मोठी झाडे ओढ्याचे पाणी घेतच नव्हती. ती खोल जमिनीतले पाणी घेत होती. ओढ्याचे पाणी घेत होती ती काठावरची लहान झाडे, आणि ओढ्यापासून दूर असलेली लहान झाडे नुकत्याच पडलेल्या पावसावर होती. जात तीच, दरी तीच, आणि तरी वयानुसार पाणी वेगळे. मला स्वतःला या विषयातले हे सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते, कारण ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या सरळ विरुद्ध जाते.

झुडपांच्या बाबतीत मध्य आशिया आणि वायव्य चीनच्या वाळवंटांतल्या सॅक्सॉलचा अभ्यास बराच झाला आहे. वाळू थोपवण्यासाठी या पानविरहित, हिरव्या काटक्यांच्या झुडपाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली असल्याने वेगवेगळ्या वर्षी लावलेली, म्हणजे नेमके वय माहीत असलेली झुडपे शेजारी शेजारी मिळतात. तिथे साधारण चित्र असे आढळते की लहान सॅक्सॉल वरच्या व मधल्या थरांतल्या ओलीवर राहतो, पावसाआड दिवस लांबले की लगेच हैराण होतो, आणि वय वाढून मुळे खाली गेली की, भूजल आवाक्यात असेल तिथे, त्याचा भार हळूहळू भूजलावर जातो. हे स्थित्यंतर एका वर्षात होत नाही. मधली काही वर्षे झुडूप दोन्हीकडून पीत असते : पाऊस पडला की वरून, पाऊस थांबला की खालून. मध्यमवयीन झुडपाला म्हणूनच मी सर्वांत सुखवस्तू मानतो. त्याची वरची आडवी पसरलेली मुळे अजून तरतरीत असतात आणि खालचे मूळही साठ्याला लागलेले असते.

झुडपाला कितपत तहान लागली आहे हे मोजण्याचे साधन निराळे आहे. १९६५ साली पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबपेटी वापरून अनेक वनस्पतींतला रसाचा ताण मोजला. पहाटे सूर्य उगवण्याआधी फांदी तोडायची, जाड धातूच्या पेटीत पानांकडचा भाग आत आणि कापलेले टोक रबराच्या बुचातून बाहेर असे ठेवायचे आणि पेटीत वायूचा दाब वाढवत जायचा. भिंग लावून टोकाकडे पाहत बसले की एका क्षणी कापलेले लाकूड ओलसर चमकते आणि रसाचा बुडबुडा येतो. त्या वेळचा दाब म्हणजे वनस्पतीने पाण्यावर लावलेला ताण. पहाटेच मोजायचे कारण रात्रभरात झुडूप आणि त्याच्या मुळांभोवतालची जमीन बरोबरीला आलेली असतात. कोरड्या हंगामात लहान झुडपाचा पहाटेचा ताण मोठ्यापेक्षा जास्त निघाला, तर लहानाची मुळे सुकलेल्या थरात आहेत आणि मोठ्याची ओल्या थरात, हे त्या एका आकड्यावरून कळते. हा ताण मेगापास्कल या दाबाच्या एककात आणि उणे चिन्हाने लिहितात; शेतातल्या बहुतेक पिकांसाठी उणे १.५ मेगापास्कल ही कोमेजून पुन्हा न उठण्याची सीमा धरतात. अमेरिकी वाळवंटातले क्रिओसोट हे झुडूप उणे ५ च्या खालीही पाने हिरवी ठेवून तग धरते. म्हणजे खोल न जाता, वरच्याच जमिनीतून जास्त जोराने ओढून जगण्याचाही एक मार्ग आहे. मात्र त्यासाठी जलवाहिन्या अशा घडणीच्या लागतात, की एवढ्या ताणाखाली त्यांतला पाण्याचा स्तंभ तुटून हवा शिरणार नाही.

क्रिओसोटचे उदाहरण मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. वय वाढले की मुळे खोल जातात, हे विधानसुद्धा सरसकट करता येत नाही. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात क्रिओसोटचे एक कडे आहे, मधला मूळ बुंधा मरून बाहेरच्या बाजूने वाढत गेलेले. त्याचे वय फ्रँक वासेक यांनी १९८० साली सुमारे ११,७०० वर्षे असल्याचा अंदाज मांडला. वयाचाच निकष लावला तर त्याची मुळे पाताळाला टेकायला हवी होती. पण क्रिओसोटची मुळे बहुतांशी उथळच असतात. दुसऱ्या टोकाला, ॲरिझोनातील एका खाणीच्या खोदकामात मेस्कीट या काटेरी झाडाचे मूळ ५३ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे आणि आफ्रिकेतील कालाहारीत ‘शेफर्ड्स ट्री’ नावाच्या झाडाचे मूळ ६८ मीटरवर. हे विक्रमी आकडे लेखांत वारंवार येतात, आपल्या लेखातही आले आहेत. ते खरे आहेत. पण विक्रमावरून सर्वसाधारण झुडपाचे चित्र काढणे म्हणजे सर्वांत उंच माणसाच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवण्यासारखे आहे.

भूजलावरच जगणाऱ्या झुडपांचे बालपणही चित्रातल्यासारखे नसते. नदीकाठच्या टॅमॅरिस्क या झुडपाचे बी पूर ओसरताना उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर रुजते. त्या वेळी भूजल अगदी वर, हाताच्या अंतरावर असते. पुढे पाण्याची पातळी खाली जाऊ लागते आणि मूळ तिच्या पाठीमागे जाते. पातळी सावकाश उतरली तर रोप वाचते, झपाट्याने उतरली तर काठावरची सगळी रोपे एकदम जातात. तेव्हा ‘भूजलावर जगणारे रोप’ असते हे खरे, पण ते पाण्यापर्यंत खोल गेलेले नसते, पाणीच त्याच्यापर्यंत वर आलेले असते.

मोठ्या आणि लहान झुडपांचे नाते मला फार गुंतागुंतीचे वाटते. १९८७ साली जेम्स रिचर्ड्स आणि मार्टिन कॉल्डवेल यांनी सेजब्रश या झुडपाच्या मुळांभोवती ओल मोजताना पाहिले की वरचा कोरडा थर रात्री थोडासा ओला होतो आणि दिवसा पुन्हा सुकतो. रात्री पर्णरंध्रे मिटतात, वरची ओढ थांबते. खोल मुळांनी घेतलेले पाणी मग वरच्या मुळांतून आसपासच्या सुक्या मातीत झिरपते. दोनच वर्षांनी त्यांनी खोल मुळांना ड्युटेरियमयुक्त पाणी पाजले आणि तेच पाणी शेजारच्या गवतात सापडले. म्हणजे मोठे झुडूप दिवसा शेजाऱ्याचे पाणी पळवते आणि रात्री त्यातले थोडे परत करते. त्याच्या सावलीत माती कमी तापते, फांद्यांवरून ओघळलेले पाणी बुंध्यापाशी मुरते, वाऱ्याने आलेली बारीक माती आणि पाचोळा तिथेच साठतो. रोप तिथे रुजते ते यामुळे. पण तेच रोप गुडघाभर झाले की वरच्या थरातल्या प्रत्येक सरीसाठी त्याला या मोठ्या शेजाऱ्याच्या दाट तंतुमुळांशी झगडावे लागते. आश्रयदाता आणि प्रतिस्पर्धी या दोन भूमिका एकाच झुडपाच्या, आणि कोणती केव्हा वरचढ ठरेल हे लहानाच्या वयावर अवलंबून.

उतारवयाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लेखात त्याचा उल्लेखही नाही. चीनच्या टेंगर वाळवंटात, शापोटो येथे, १९५८ साली सुरू झालेल्या बाओटो–लानचो रेल्वेमार्गाला वाळूपासून वाचवण्यासाठी १९५६ पासून गव्हाच्या काडाचे एक मीटर चौरसाचे चौकोन वाळूत खोचून त्यांत कारागाना आणि आर्टेमिसिया यांसारखी झुडपे लावण्यात आली. वर्षाचा पाऊस तिथे दोनशे मिलिमीटरहूनही कमी आणि भूजल मुळांच्या आवाक्याबाहेर. पहिली काही वर्षे झुडपे जोमाने वाढली. त्यांच्या मुळांनी उघड्या वाळूत मुरून राहिलेली खोल ओल उपसली. दरम्यान वाळू स्थिर झाली, तिच्यावर शेवाळ, दगडफूल आणि नीलहरित जिवाणूंचा पापुद्रा धरला. हा पापुद्रा पावसाचे पाणी वरच अडवतो. त्यामुळे खालचा साठा उपसला गेला तो पुन्हा भरलाच नाही. जुनी कारागाना विरळ होत गेली आणि वरच्या थरातल्या ओलीवर जगणाऱ्या छोट्या वनस्पती वाढल्या. झुडपांची मुळे खोल गेलेली होतीच. पण जिथे ती पोहोचली होती तिथले पाणी संपले होते. अशा वृद्ध झुडपाला पुन्हा पावसाच्या सरींकडे वळावे लागते, आणि तेही वरची तंतुमुळे विरळ झालेली असताना. ‘खोलवरच्या पाण्यावर जगतात’ या ओळीला हे उत्तर मला सर्वांत बोलके वाटते.

वय म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न झुडपांत सोपा नाही. बुंध्याचा आडवा छेद घेऊन वलये मोजता येतात, पण कोरड्या वर्षी वलय अस्पष्ट राहते किंवा उमटतच नाही, आणि अनेक झुडपे बुंध्यापासून नवे फुटवे काढत असल्याने वरची फांदी पाच वर्षांची तर खालचे मूळ पन्नास वर्षांचे असू शकते. कारागाना जमिनीलगत छाटून तिला पुन्हा फुटू देण्याची पद्धत आहे. अशा छाटलेल्या झुडपाचे फुटवे कोवळे दिसतात आणि कोरड्या दिवसांतही टवटवीत राहतात, कारण मोठ्या मुळांच्या जाळ्यावर आता थोडीच पाने पोसायची असतात. उंची पाहून वय ठरवणारा माणूस इथे हमखास फसतो.

समस्थानिकांच्या पद्धतीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. क्षारयुक्त आणि रुक्ष जमिनीतल्या काही काष्ठमय वनस्पतींमध्ये मूळ पाणी शोषताना हायड्रोजनची खूण थोडी बदलते, असे २००७ साली दाखवण्यात आले. आणि निर्वात नळीत खोडाचे पाणी काढण्याच्या प्रक्रियेमुळेच ड्युटेरियमच्या मापात चूक शिरते, हे २०२० साली पुढे आले. ऑक्सिजनच्या खुणेवर आज म्हणूनच अधिक भिस्त ठेवली जाते. लगतच्या दोन थरांची खूण सारखी असेल तर अमुक टक्के पाणी अमुक थरातले असे काटेकोर आकडे देणारे गणित फार ताणलेले असते. लहान आणि मोठ्या झुडपांतला फरक मात्र खोल-उथळ अशा ढोबळ पातळीवर इतका ठळक असतो की या त्रुटींनी तो पुसला जात नाही.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. वाळू थोपवण्यासाठी झुडपे लावली की यशाची मोजणी बहुधा दोन-तीन वर्षांनी, जगलेली रोपे मोजून होते. दोन-तीन वर्षांचे रोप वरच्या थरातले पाणी पिऊन जगलेले असते. त्या वर्षांत पाऊस बरा झाला असेल तर ते जगणारच. त्यावरून पंधराव्या वर्षी, दाट लावलेली तीच झुडपे एकाच वेळी खोल साठ्याला तोंड लावतील तेव्हा काय होईल, हे कळत नाही. रोपांना पाणी देण्याबाबतही तेच. रोज थोडे थोडे पाणी वरून शिंपडले तर रोपाला मूळ खाली नेण्याची गरजच उरत नाही. शिंपणे थांबले की ते त्याच उथळ थरात सापडते. त्याऐवजी क्वचित, पण खोलवर भिजेल असे पाणी दिले तर ओलाव्याची सीमा खाली जाते आणि तिच्या मागोमाग मूळही. रोपे किती अंतरावर लावायची हे रोपाकडे पाहून ठरवू नये; पंधरा वर्षांच्या झुडपाची मुळे किती पसरतात आणि त्या जमिनीत दरवर्षी किती पाणी खोल उतरते, यावरून ते ठरवावे लागते.

लेखकाचा पुढील भाग याच पुरवणीत येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात ते चित्र पुन्हा छापणार असाल तर कृपया तीन दुरुस्त्या कराव्यात. वीतभर रोपाचे मूळ पहिल्या दोन फुटांत थांबवावे. कमरेइतक्या झुडपाला वर आडवी पसरलेली मुळेही काढावीत, कारण सोटमुळाइतकेच ते त्यांच्यावर जगते. आणि पुरुषभर झुडपाखालचा निळा पट्टा एक तर तुटक रेषेने दाखवावा, किंवा त्याच्याजवळ ‘भूजल आवाक्यात असल्यास’ एवढे तीन शब्द लिहावेत.

आपला नम्र,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक